तपासण्यापुरती लावलेली वायर

वीतभर लांब, लाल रंगाची, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे लावलेली एक वायर आहे मी, आणि आज बोलतेय. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. ज्यांनी मला शोधायला हवं होतं ते साहेब येऊन गेले तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर, एका शर्टाच्या खिशात होते.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. तांब्याची जाड सळई आधी मोठ्या भोकातून, मग लहान भोकातून ओढत नेतात, तशी ओढली जाऊन मी बारीक झाले. वर लाल आवरण चढलं. दुकानातल्या गुंडाळीत मला नाव ना गाव. कुणाच्या तरी घरी पंख्याची लाइन ओढली आणि शेवटी जो तुकडा उरला, तो मी. दुसऱ्या कुणी केरात टाकलं असतं. वायरमनने माझी टोकं सोलली, त्यांना चिमटे बसवले आणि हत्यारांच्या पेटीत मला एक कप्पा दिला.

हा वायरमन रजया शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याच्या पेटीत मीटर होता, टेस्टर होता, पकडी होत्या. मीटर खरं सांगतो. टेस्टर भीत भीत दिवा लावतो. मी खोटं बोलते. हसू नका, तेच माझं काम आहे. जिथे विजेची वाट तुटलेली असेल, तिथे एक चिमटा अलीकडे आणि एक पलीकडे लावायचा. मग मी विजेला सांगते, इथे काही तुटलेलं नाही, ये बिनधास्त. मशीन का बंद पडतंय हे शोधायला असं खोटं फार उपयोगी पडतं. एकेक जागा माझ्याने जोडून बघायची. जी जोडल्यावर मशीन चालत राहिलं, ती जागा खराब. मग मला काढायचं आणि ती जागा दुरुस्त करायची.

काढायचं, हे अर्धं काम आहे. वायरमन ते कधी विसरत नसे. मी कप्प्यात परत आल्याशिवाय तो पेटीचं झाकण लावत नसे, भले चहा थंड होवो.

कारखान्यातल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर त्याच्या घरच्याच दोघी होत्या. पुढच्या बाजूला त्याची वहिनी, मागच्या बाजूला त्याची बायको. मोठा भाऊ वारल्यावर त्यानेच शब्द टाकून वहिनीला इथे लावलं आणि मागोमाग बायकोलाही आणलं. घरात एकीला थोरली आणि एकीला धाकटी म्हणत, कारखान्यातही तीच नावं पडली. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका म्हणाल्या होत्या, "दोन जावा एका मशीनवर? टोचायला सुया पुरायच्या नाहीत." पण त्या दोघींचं छान जमलं. एका डब्यात भाजी, एका डब्यात भात, असा त्यांचा हिशोब होता.

मशीन अडीच मीटर रुंद. मधोमध सुयांची लांब रांग, ती एकदम खाली येते आणि एकदम वर जाते. कापड, फायबरचा थर आणि अस्तर मागून आत शिरतं, पुढून रजई होऊन बाहेर पडतं. मागून माल नीट लावायचं काम धाकटीचं. सुयांवर लक्ष ठेवायचं आणि धागा तुटला की ओवायचं काम थोरलीचं. दोघींच्या मध्ये कापडाची उभी भिंत. एकमेकींचं तोंड दिसत नाही, आणि मोटरच्या आवाजात हाक मारली तरी ती वाऱ्यावर जाते.

सुयांसमोर लोखंडी जाळी असते आणि जाळीला एक छोटा स्विच. जाळी वर केली की हा स्विच मोटरची वीज तोडतो. जाळी उघडी असेपर्यंत कुणी कितीही बटण दाबलं तरी मशीन हलत नाही.

बायकांनी यातून आपली एक रीत पाडली होती. ती वायरमनला माहीत नव्हती, सुपरवायझरला माहीत नव्हती, मशीनच्या पुस्तकात तर असायचं कारणच नाही. मलाही फार उशिरा कळली, पण आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. धागा तुटला की थोरली जाळी वर करायची, मशीन थांबायचं आणि ती हात आत घालायची. मागे धाकटी थोडा वेळ थांबायची आणि मग तिच्या बाजूचं हिरवं बटण दाबायची. मशीन सुरू झालं नाही, तर समजायचं की ताईंचे हात अजून आत आहेत. आणखी थोडं थांबायचं, पुन्हा दाबायचं. सुरू झालं, म्हणजे ताईंनी जाळी खाली केली. सहा वर्षं त्यांनी अशी एकमेकींची विचारपूस केली. घसा फोडून ओरडण्यापेक्षा हे सोपं होतं.

मग ते मशीन आपोआप बंद पडायला लागलं. धागा तुटलेला नाही, बटणाला कुणाचा हात लागलेला नाही, आणि चालता चालता थांबतंय. कधी पाच मिनिटांनी, कधी तासाने.

"मोटर जळाली वाटतं," सुपरवायझर म्हणाला.

"जळाली असती तर वास आला असता," वायरमन म्हणाला. त्याने मोटरवर हाताची उलटी बाजू ठेवली. कोमट होती, ताप नव्हता. मीटर लावून तिन्ही फेज मोजले, तिन्ही सारखे. मोटर जास्त भाराने तापली तर वीज तोडणारा ओव्हरलोड बघितला, तोही शहाण्यासारखा जागेवर बसलेला. मग त्याने पॅनलचं दार उघडलं आणि नुसता ऐकत बसला. बराच वेळ काही नाही. मग आत 'टक' झालं आणि मोटर बसली.

"मोटरचा दोष नाही," तो म्हणाला. "मोटरला वीज देणारा कॉन्टॅक्टर सुटतोय. आता त्याला सुटायला सांगतंय कोण, ते बघायचं."

तेव्हा माझी पाळी आली. आधी त्याने मला थांबवायच्या लाल बटणावर लावलं. बाराव्या मिनिटाला मशीन थांबलं, म्हणजे बटण निर्दोष. मग ओव्हरलोडवर लावलं, पुन्हा थांबलं. एव्हाना जेवणाची पहिली पाळी सुटली होती आणि मशीनवर थोरलीला ठेवून धाकटी डबा घेऊन गेली होती. शेवटी त्याने मला जाळीच्या स्विचवर लावलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. मशीन चालतच राहिलं. वायरमनच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी पूर्वी अनेकदा पाहिलं होतं, आणि मलाही ते आवडायचं.

त्याने स्विच उघडून पाहिला. आत फायबरचे तंतू भरलेले, आणि स्प्रिंग इतकी थकलेली की मशीनच्या थरथरीने सुटावी.

"नवा लागेल. स्टोअरमध्ये नाही, उद्या आणतो."

"उद्यापर्यंत मशीन उभं ठेवायचं?" सुपरवायझर म्हणाला. "संध्याकाळी गाडी भरायची आहे. तोवर डायरेक्ट करून ठेवा ना."

"साहेब, जाळीचा स्विच डायरेक्ट करू नये."

"अहो, मशीनवर परक्या बायका असत्या तर गोष्ट वेगळी. दोघी तुमच्या घरच्याच. सांगा त्यांना, म्हणजे झालं."

वायरमन तिथे नाही म्हणाला असता तर आज मी पेटीत असते. तो पुढच्या बाजूला गेला.

"वहिनी, आज जाळी उघडली तरी मशीन बंद व्हायचं नाही. आधी लाल बटण दाबायचं, मगच जाळीला हात लावायचा. विसरू नका."

"बरं भाऊजी," थोरली म्हणाली. "आधी लाल बटण."

त्याने वाकून मागे पाहिलं. धाकटीचं स्टूल रिकामं होतं. आल्यावर सांगू, असं मनात म्हणाला असेल. तेवढ्यात दुसऱ्या हॉलमधून बोलावणं आलं, तिकडे कापायच्या मशीनचा फ्यूज उडाला होता. त्याने पेटी उचलली. माझा कप्पा रिकामा होता, तरी झाकण लावलं.

धाकटी जेवून आली आणि आपल्या जागेवर बसली. अर्ध्या तासाने एका सुईचा धागा तुटला.

थोरलीला जे सांगितलं होतं, तंतोतंत तेच तिने केलं. लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. जाळी वर केली आणि धागा ओवायला हात आत घातला. मागे धाकटी रोजच्याइतकाच वेळ थांबली आणि तिने हिरवं बटण दाबलं. ती फक्त विचारत होती की ताई, झालं का.

उत्तर मी दिलं. झालं, म्हणाले. वीज माझ्या अंगातून गेली, मोटर फिरली आणि सुया खाली आल्या. मला थांबता येत नाही. मी ज्या दोन टोकांना लावलेली असेन त्यांच्यामध्ये काय चाललंय ते मला कळतं, पण माझ्यात नकार देण्याची सोयच कुणी केलेली नाही. थोरलीच्या उजव्या हाताची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली. तिसरं राहिलं, ते नावाला. मला त्याबद्दल अजून लाज वाटते, आणि वायरला कसली आली लाज, असं म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

लोक तिला उचलून घेऊन गेले. वायरमन त्यांच्या मागे धावत सुटला होता, सुपरवायझरने त्याला दंडाला धरून पॅनलजवळ आणलं.

"आधी ती वायर काढा."

"साहेब, वहिनीबरोबर जायला..."

"गेलेत लोक. तुम्ही वायर काढा. लावली कुणी? तुम्ही. तुमचा परवाना जाईल, नोकरी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

एरवी अंधारातही मला पहिल्या झटक्यात सोडवणारा वायरमन, त्याला त्या दिवशी चिमटा दाबता येईना. दोनदा मी त्याच्या हातातून सुटून पॅनलमध्ये पडले. शेवटी त्याने मला शर्टाच्या खिशात कोंबलं, स्विचमधले तंतू फुंकून काढले आणि स्प्रिंग ताणून बसवली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांनी जाळी उघडली, मशीन थांबलं. लावून हिरवं बटण दाबलं, सुरू झालं. दहा वेळा करून पाहिलं. मेला तो स्विच त्या दिवशी दहाही वेळा नीट वागला. मग साहेब दवाखान्यात गेले. वायरमन खाटेशेजारी उभा होता, म्हणजे मीही होते.

"बाई, जाळी उघडल्यावर मशीन बंद होत होतं का?"

थोरलीने आधी दिराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"होत होतं," ती म्हणाली.

"मग सुरू कसं झालं?"

"जाळी मी पूर्ण वर केली नसेल, साहेब. घाईत हात घातला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली, हिशोब पक्का असलेली बाई, तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला. तुटलेल्या जागी सगळं ठीक आहे असं सांगणं हे आजवर माझं काम होतं. त्या दिवशी ते तिने केलं, तेही माझ्यासारखंच, कुणीतरी तिथे आणून लावलं म्हणून.

साहेब गेल्यावर वायरमन रडू लागला तशी ती म्हणाली, "रडू नका, भाऊजी. आता घर तुमच्यावर आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?"

वायरमन वाचला, कारखाना वाचला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी गत धाकटीची झाली. तिला कुणी काही सांगितलंच नाही. ती नवऱ्याला रोज विचारायची.

"अहो, मी नेहमीसारखंच दाबलं हो. जाळी उघडी असली की सुरू होत नाही ना? सहा वर्षांत एकदा तरी झालं का? मग त्याच दिवशी कसं झालं?" तेव्हा त्या दोघींची रीत मला कळली, आणि त्यालाही.

"होतं असं कधी कधी," तो म्हणायचा. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याही मशीनबद्दल 'होतं असं कधी कधी' म्हटलं नव्हतं, कारण सापडेपर्यंत जेवला नव्हता, तो असं म्हणायचा आणि कूस बदलायचा.

कारखान्यात दोन जावांची थट्टा आता कुणी करत नव्हतं. आता बोलणं वेगळं होतं. जावेने जावेचा हात खाल्ला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांच्या तोंडी झालं. जेवायला धाकटी बसली की शेजारची बाई डबा उचलून पलीकडे जायची. तीन आठवडे तिने हे सोसलं, मग काम सोडलं. घरी तिला कुठलंही बटण दाबवेना. अंधार पडला तरी दिवा न लावता बसून राहायची, कुणीतरी येऊन लावेपर्यंत. थोरली डाव्या हाताने भात कालवून खायची, आणि धाकटी तिच्याकडे न बघता तिला वाढायची.

वायरमनने मला टाकलं नाही. पेटीतही ठेवलं नाही. शर्ट बदलला की मला या खिशातून त्या खिशात घालायचा. चार महिने मी असे त्याच्या छातीवर काढले. एका सुट्टीच्या दिवशी तो आंघोळीला गेला आणि धाकटीने धुण्यासाठी खिसे उलटे केले.

तो बाहेर आला तेव्हा ती मला हातात धरून उभी होती. थोरली दाराशी धान्य निवडत होती.

"हे काय?"

"वायर आहे. तपासायची."

"ती पेटीत असते. खिशात कशाला?"

वायरमन खाली बसला. खोटं त्याच्याजवळ खूप होतं, पण त्या वेळी एकही कामाला आलं नाही. "त्या दिवशी जाळीच्या स्विचवर लावली होती," तो म्हणाला.

धाकटी वायरमनची बायको होती, तिला यापुढचं समजावून सांगावं लागलं नाही. तिने थोरलीकडे पाहिलं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"भाऊजींनी सांगितलं होतं गं. मला वाटलं, तुलाही सांगितलं असेल." थोरलीचं निवडणं थांबलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू जेवायला गेली होतीस," वायरमन म्हणाला.

मग धाकटी म्हणाली, "चार महिने झाले त्याला. चार महिने मी जेवतच होते का?"

थोरलीने पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "घराकडे बघून गप्प बसले गं मी." धाकटी म्हणाली, "मी या घरातच होते, ताई." एवढंच. आवाजही चढवला नाही.

"आता तरी कळलं ना, तुझी काही चूक नव्हती," वायरमन म्हणाला.

"मला कळून काय करू? ज्यांना वाटतं मी केलं, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला धुतलेला शर्ट दिला. खिशात मी होते, तिनेच ठेवलेली.

जेवणाची पहिली पाळी उठायची असते आणि दुसरी बसायची असते, त्या मधल्या दहा मिनिटांत सगळ्या बायका एका खोलीत असतात. वायरमन तेव्हा आत आला. त्याने मला टेबलावर, डब्यांच्या मधोमध ठेवलं. आधी कुणी लक्ष दिलं नाही, त्यांना वाटलं दिवा दुरुस्त करायला आलाय.

"ही वायर मी जाळीच्या स्विचवर लावली होती," तो म्हणाला. "त्यामुळे जाळी उघडी असताना मशीन सुरू झालं. वहिनीला मी सांगितलं होतं. धाकटीला सांगितलं नाही. तिने रोजच्यासारखंच बटण दाबलं."

एक म्हातारी बाई हातातला घास तसाच धरून म्हणाली, "मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"नोकरीसाठी," तो म्हणाला.

नोकरी तिथे सगळ्यांनाच होती. मग जी बाई डबा उचलून पलीकडे जायची ती हळूच म्हणाली, "आम्ही तिला काय काय बोललो." खोलीत कुणी जेवलं नाही. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला, वायरमनला बाहेर या म्हणाला. तो गेला, आणि पुन्हा आत आलेला मी पाहिला नाही. सुपरवायझरने मला टेबलावरून उचललं, हातात गुंडाळलं आणि मागच्या दाराशी असलेल्या भंगाराच्या पिंपात टाकलं.

तिथूनच बोलतेय. माझ्या खाली मोडक्या सुया आहेत, वर एका जळलेल्या मोटरची वेटोळी. चौकशी पुन्हा होईल का, थोरलीच्या अंगठ्यावर आता काय ठरेल, वायरमनला कुठे काम मिळेल का, हे मला सांगता यायचं नाही. गेलेली बोटं तर येणार नाहीतच. त्या संध्याकाळी काम सुटल्यावर दोन बायका पिंपाजवळून गेल्या. एक म्हणाली, "आधी धाकटीकडे जाऊ." दुसरी म्हणाली, "जाऊन बोलायचं काय?" पहिली म्हणाली, "नुसतं बसू." पुढचं ऐकू आलं नाही.

भंगारवाला आला की माझं आवरण जाळून टाकतील आणि तांबं वितळवतील. मग पुन्हा सळई, पुन्हा वायर, पुन्हा कुणाच्या तरी हातात. तुमच्याच हातात आले तर खुशाल वापरा मला, बंद पडलेलं मशीन का बंद पडलं ते शोधा. पण सापडलं की काढा. आणि काढायच्या आधी कुणाला सांगायची वेळ आलीच, तर एकीला सांगून निघून जाऊ नका. जेवायला गेलेली बाई परत येईपर्यंत थांबा.